बंदूक नाही, धनुष्य आहे! अमेरिकेतल्या हरीण-शिकाऱ्यांकडून छोट्या धंद्यासाठी काही धडे



गेल्या व्हिडिओत मी "तुमच्याकडे बंदूक नाही, धनुष्य आहे" असं बोलून गेलो आणि लगेच कॉस्टिंगकडे वळलो. पण ते वाक्य जिथून आलं तो विषय मोठा मजेदार आहे आणि छोट्या धंद्याला अगदी चपखल बसतो. म्हणून आज त्यावर सविस्तर. विषय आहे अमेरिकेत धनुष्यबाणाने होणारी हरणाची शिकार.

थांबा, आधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी धनुष्य घेऊन ताम्हिणी घाटात जाऊ नये. अमेरिकेतली परिस्थिती वेगळी आहे. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं काही कोटींच्या घरात आहेत. ती शेतं खातात, परसातल्या बागा खातात, हायवेवर गाड्यांपुढे येतात. त्यामुळे प्रत्येक राज्य लायसन्स देऊन ठराविक मोसमात शिकारीला परवानगी देतं. फक्त धनुष्यासाठी वेगळा मोसम सगळ्यात आधी विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली ठेवला. शिकारीचं मांस विकायला बंदी आहे, ते घरी खायचं किंवा दान करायचं. धनुष्य, बाण, मचाण, लायसन्स, पेट्रोल आणि बुडालेल्या सुट्ट्या धरून हिशेब केला तर हे मांस किलोला किती पडतं, हा प्रश्न तिथल्या शिकाऱ्याला त्याच्या बायकोसमोर विचारायचा नसतो.

दीड एसटी बस

आता मुद्द्याला येऊ. दुर्बीण लावलेल्या रायफलीने २०० यार्डांवरचं हरीण मारता येतं. धनुष्यवाला मात्र बहुतेक वेळा २० ते ३० यार्डांपर्यंत हरीण येण्याची वाट बघतो. २० यार्ड म्हणजे ६० फूट, साधारण दीड एसटी बसएवढं अंतर. हरणाचं नाक, कान, डोळे सगळं तुमच्यापेक्षा तेज, आणि तुम्हाला त्याच्यापासून दीड बस अंतरावर, त्याला पत्ता न लागता, हजर राहायचंय. त्यामुळे बाण सोडण्याचं काम दोन-तीन सेकंदांचं आणि बाकीचं काम महिनोन्‌महिन्यांचं असतं. हरीण कुठल्या ओढ्यावर पाणी पितं, कुठल्या ओकच्या झाडाखाली फळं पडतात, कुंपणाखालून जायची त्याची वाट कुठली, हे सगळं आधीच माहीत करून घ्यावं लागतं.

मोठी कंपनी म्हणजे रायफल. टीव्हीवर जाहिरात, गावोगावी डीलर, वर्षभर तोट्यात विकायची ताकद. तिला लांबून नेम धरता येतो. तुमच्याकडे ८० हजार भांडवल आणि एक ओव्हन आहे. तुमचा २० यार्डांचा टापू म्हणजे कदाचित चार सोसायट्या, एक शाळा आणि एक बँकेची शाखा. त्या टापूत कोणाचा वाढदिवस कधी, कुठल्या घरात एग्लेस लागतं, बँकेत चहाच्या वेळी किती माणसं असतात, हे मोठ्या कंपनीला सात जन्मांत कळणार नाही. तुम्हाला पंधरा दिवसांत कळू शकतं. तरीही आपली मंडळी काय करतात? पहिल्याच महिन्यात "ऑल इंडिया डिलिव्हरी" लिहून मोकळी होतात. धनुष्याने २०० यार्डांवर बाण!

आधी वास, मग माल

धनुष्यवाले लोक वाऱ्याला फार घाबरतात. हरणाला माणसाचा वास खूप लांबून येतो, म्हणून वारा नेहमी हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. खिशात बारीक भुकटीची छोटी बाटली असते. दर थोड्या वेळाने फुस्स करून बघायचं, भुकटी कुठे जाते. डोंगरउतारावर तर आणखी गंमत. सकाळी ऊन चढलं की हवा वर सरकते, संध्याकाळी गार झाली की खाली उतरते. त्यामुळे संध्याकाळी उत्तम असलेलं झाड सकाळी कुचकामी ठरू शकतं.

१९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा शेवटचा माणूस लोकांसमोर आला. त्याला पुढे इशी म्हणून ओळखलं गेलं. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला आणि त्याने जे लिहून ठेवलं त्यामुळे अमेरिकेत धनुष्याची शिकार पुन्हा रुजायला मोठी मदत झाली. पोपने नोंदवलंय की शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे ओढ्यात आंघोळ करून अंगाला सुगंधी पाला चोळत असे. हरणाच्या नाकाची त्याला एवढी पर्वा.

आजचा शिकारीसुद्धा बिनवासाच्या साबणाने आंघोळ करतो, कपडे हवाबंद पेटीत ठेवतो. आणि मग तेच बूट घालून पेट्रोल पंपावर उतरतो, पेट्रोल भरतो, कॉफी घेतो आणि जंगलात जातो. हरीण एक किलोमीटरवरून म्हणत असेल, "आला बघा, पंपावरून आला."

हसू नका. आपण हेच करतो. लोगोला १५ हजार, पॅकिंगला २० हजार, आणि गिऱ्हाईकाने फोन केला की पलीकडून "हां, कोन?" आणि मागे फुल आवाजात सिरियल. बिझनेसच्या व्हॉट्सॲप नंबरचा डीपी भाच्याच्या बारशाचा. गिऱ्हाईक तुमचा माल बघायच्या आधी तुमचा वास घेतं, आणि वास आला की ते तुम्हाला कारण सांगत बसत नाही. फोन ठेवतं आणि दुसरीकडे जातं.

हरणाला वास लागला की ते पाय आपटतं, नाकातून जोरात फुर्रकन आवाज काढतं आणि पांढरी शेपटी झेंड्यासारखी वर करून पळतं. ती शेपटी बघून आजूबाजूची बाकीची हरणंही गायब. सोसायटीच्या ग्रुपवर "काल मागवलेल्या पुरणपोळ्या शिळ्या होत्या" असा एक मेसेज पडला की अशाच पटापट शेपट्या वर होतात. २० यार्डांच्या टापूत धंदा करण्याचा हा तोटाही आहे, तो मी लपवणार नाही.

खारीचा आवाज

वाळलेल्या पानांत सगळ्यात जास्त धिंगाणा कोण घालतं? खार. मचाणावर बसलेला नवा शिकारी खर्रर्र-खर्रर्र ऐकून धनुष्य सावरतो, श्वास रोखतो, आणि झाडामागून अर्धा किलो वजनाची खार बाहेर येते. असं दिवसातून वीस वेळा होतं. हरीण मात्र पुष्कळदा आवाज न करता येतं, नेमकं तुम्ही सँडविच खात असताना.

"प्राइस प्लीज" लिहिणारे, लाइक करणारे, "इन्बॉक्स केलंय बघा" म्हणणारे, म्हणजे खारी. त्यांच्यावर रागवू नका, खार आहे म्हणजे जंगल जिवंत आहे. पण त्यांच्यासाठी स्टॉक भरू नका. दिवाळीला ४० डबे नेणारा गृहस्थ बहुतेक वेळा गुपचूप येतो, एक डबा नेतो, चव बघतो आणि आठ दिवसांनी परत येतो. त्याने पहिला डबा नेला तेव्हा तुम्ही त्याचं नाव लिहून ठेवलं होतं का?

बाण पोचेपर्यंत हरीण बदलतं

हा भाग नीट वाचा, कारण पैसा सगळ्यात जास्त इथे बुडतो.

धनुष्याची दोरी सुटताना आवाज होतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११०० फूट. बाणाचा वेग, चांगलं आधुनिक धनुष्य धरलं तर, सेकंदाला २८० फुटांच्या आसपास. म्हणजे आवाज आधी पोचतो, बाण मागून. हरीण सावध असेल तर आवाज ऐकताच उडी मारायला पाय दुमडतं, त्याचं अंग खाली जातं आणि बाण पाठीवरून निघून जातो. नेम अचूक असतो, फक्त जिथे नेम धरला तिथे हरीण राहिलेलं नसतं.

आता गणित करू. २० यार्डांवर बाणाला लागतात ०.२१ सेकंद, आवाजाला ०.०५. हरणाला मिळाले ०.१६ सेकंद. ४० यार्डांवर बाणाला ०.४३, आवाजाला ०.११. हरणाला मिळाले ०.३२ सेकंद. अंतर दुप्पट केलंत की हरणाला हलायला वेळही दुप्पट मिळतो, आणि तोवर बाणाचा वेगही थोडा कमी झालेला असतो. म्हणून अनुभवी शिकारी लांबच्या सावध हरणावर बाण सोडतच नाही.

तुमचं "अंतर" म्हणजे पैसे गुंतवल्यापासून माल गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंतचे दिवस. समजा तुम्ही कुर्ती विकता. मे महिन्यात एका डिझाइनचं ३०० पीसचं कापड उचललं, जुलैत शिवून झालं, ऑक्टोबरात दिवाळी. मे मधल्या गिऱ्हाईकावर धरलेला नेम चुकीचा नव्हता. पाच महिन्यांत गिऱ्हाईक हललं. कोणीतरी सिरियलमध्ये वेगळी बाही घातली आणि संपलं. त्याऐवजी ३० पीस, तीन आठवड्यांत बाजारात, विकले तर पुढचे ३०. कापड मीटरमागे महाग पडेल, मान्य. कपाटात पडून राहिलेल्या २१० कुर्त्यांपेक्षा ते स्वस्तच आहे.

घाऊक भावाचा मोह फार वाईट. "जास्त घेतलं तर स्वस्त पडतं" हे तुम्हाला कोण सांगतं? विकणारा सांगतो.

टी-शर्टमधली प्रॅक्टिस

उन्हाळाभर शिकारी परसात प्रॅक्टिस करतो. टी-शर्ट, सपाट जमीन, चहा हाताशी. बाणामागून बाण मधोमध. नोव्हेंबरात तो १५-२० फूट उंच मचाणावर, जाडजूड जाकीट घालून, बोटं गारठलेली, अर्धवट वळून बसलेला असतो. दोरी सुटते आणि जाकिटाच्या बाहीला घासते. बाण दुसऱ्या तालुक्यात. जाणकार सांगतात, ज्या कपड्यांत शिकार करायची त्याच कपड्यांत, त्याच उंचीवरून प्रॅक्टिस करा.

घरच्यांना फुकट खाऊ घालून मिळालेलं "वा, मस्त!" म्हणजे टी-शर्टमधली प्रॅक्टिस. लाइट गेली, मदतनीस आली नाही, पाऊस आहे आणि ३५ डबे साडेबाराला पोचायला हवेत, ही चाचणी एकदा मुद्दाम घ्या. पैसे देणारी माणसं बोलवा, दोन दिवस चालवा. जे काही घासणार आहे ते तेव्हाच घासू दे.

ओढून धरलेलं धनुष्य

जुन्या पद्धतीच्या धनुष्यात दोरी जितकी ओढाल तितका भार वाढतो. मिझुरीच्या हॉलिस ॲलन नावाच्या माणसाने चाकं बसवलेलं कंपाउंड धनुष्य काढलं, त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. यात दोरी पूर्ण ओढली की भार एकदम उतरतो. ७० पौंडांचं धनुष्य हातात जेमतेम १४-१५ पौंडांएवढं लागतं. पण शून्य नाही हं! मिनिट-दोन मिनिटांत हात थरथरायला लागतोच. हरीण अजून झुडपामागे उभं आहे आणि तुम्ही उतावीळपणे धनुष्य ताणून बसलात, तर ते बाहेर येईल तेव्हा तुमच्या हातात ताकद नसेल.

कर्ज काढून मशीन घेतलं, गाळा भाड्याने घेतला आणि मग ऑर्डर शोधायला निघालात, म्हणजे धनुष्य ताणलंत. बँकेचा मोरेटोरियम म्हणजे ॲलनसाहेबांची चाकं. भार हलका वाटतो, पण व्याज चालू असतं. शिकारी कधी ताणतो? हरीण टप्प्यात येतंय आणि त्याचं डोकं झाडाआड गेलंय, त्या क्षणी. तुम्ही ताणायच्या आधी किमान दोन-तीन गिऱ्हाईकांचा ॲडव्हान्स खात्यात दिसू द्या. तोवर जॉबवर्कने बाहेरून करून घ्या, मार्जिन कमी मिळालं तरी चालेल.

शिंगं बघून लागलेला ताप

मोठ्या शिंगांचा नर समोर आला की भल्याभल्यांची छाती धडधडते, गुडघे कापतात, डोकं बंद. याला तिकडे एक प्रकारचा तापच म्हणतात. सहा महिने केलेली प्रॅक्टिस विसरून माणूस नुसता शिंगांकडे बघत बाण सोडतो, आणि बाण शिंगांवरूनच जातो. अर्जुन आणि पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट प्रत्येक ट्रेनर सांगतो म्हणून मी टाळणार होतो, पण हे लोक अगदी तेच सांगतात: हरणावर नेम धरू नका, हरणाच्या अंगावरच्या एका केसावर धरा.

कॉर्पोरेट कंपनीकडून ५००० गिफ्ट बॉक्सची चौकशी आली की हाच ताप येतो. तापात माणूस कोटेशन देतो आणि त्यात टेम्पोभाडं नसतं, तुटफूट नसते, जीएसटी वर की आत ते लिहिलेलं नसतं, पैसे कधी मिळणार तेही नसतं. औषध एकच, ताप येण्याआधीचं. शांत डोक्याने आजच कागदावर लिहा: माझा सगळ्यात खालचा दर किती, ॲडव्हान्स किती टक्के, उधारी किती दिवस. उद्यम नोंदणी केली असेल तर कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा. मीटिंगमध्ये फक्त कागद वाचायचा.

आणखी एक गंमत. लांबून प्रचंड वाटलेली शिंगं जवळ जाऊन बघितली की आकसलेली निघतात. याचे किस्से तिथे प्रत्येक शिकाऱ्याकडे असतात. ५००० ची ऑर्डर पीओ येईपर्यंत १२०० ची होते, हे ज्यांना माहीत आहे ते आत्ता मान हलवत असतील.

जखमी गिऱ्हाईक

आता थोडं गंभीर बोलतो. आपल्या आवाक्याबाहेर बाण मारला तर तो नेहमी हुकतोच असं नाही. कधी चुकीच्या जागी लागतो. हरीण जखमी होऊन पळतं, तासन्‌तास तडफडतं आणि बऱ्याचदा कोणाच्याच हाती लागत नाही. चांगले शिकारी या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात. समोर आलेलं हरीण ते सोडून देतात, आणि रिकाम्या हाताने घरी गेलेल्याला तिथे कोणी नावं ठेवत नाही.

१५० पानांची ताकद असलेल्या केटररने ६०० पानांचं लग्न घेतलं, तर ते नुसतं नुकसान नसतं. एका मुलीच्या बापाने वर्षभर साठवलेला दिवस असतो तो. भात संपला, पंगत अडली, त्याची चारचौघांत मान खाली गेली. तुमचे २० हजार बुडाले ते पुढच्या सीझनला निघतील, त्याचा दिवस निघणार नाही. म्हणून "माझ्याकडून हे होणार नाही, पण अमुक यांच्याकडून होईल, त्यांचा नंबर देतो" हे वाक्य आरशासमोर पाच वेळा म्हणून बघा. पहिल्यांदा घशात अडकतं.

इथे उपमा ताणायची थांबवतो, कारण एका जागी ती पूर्ण मोडते. हरीण एकदाच मिळतं. गिऱ्हाईक दर आठवड्याला परत यायला हवं. त्याला सावज समजून धंदा करणारे माझ्या पाहण्यात आहेत, त्यांना दर वर्षी नवीन गाव शोधावं लागतं.

पट्टा बांधलाय का?

मचाणावरून पडणं हे तिथल्या शिकाऱ्यांच्या दुखापतींचं फार मोठं कारण आहे. अंगाला पट्टा बांधून तो झाडाला अडकवला की जीव वाचतो, तरी लोक कंटाळा करतात. तुमचा पट्टा म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात आणि कुटुंबाचा आरोग्य विमा. तो नसेल तर नोकरी सोडायची तारीख पुढे ढकला.

आणि धनुष्य विकणारा माणूस

फ्रेड बेअर हे अमेरिकेतल्या धनुष्याच्या जगातलं सगळ्यात मोठं नाव. १९०२ चा जन्म, डेट्रॉइटमध्ये मोटारउद्योगात नोकरी. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, त्याने एका भागीदाराबरोबर ६०० डॉलरवर धंदा सुरू केला. धनुष्याचा? नाही. मोटार कंपन्यांसाठी जाहिरातीची छपाई करायचा. धनुष्यं बाजूला, फावल्या वेळात. छपाईने घर चाललं, धनुष्यांना गिऱ्हाईक हळूहळू मिळालं, मग काही वर्षांनी ती वेगळी कंपनी झाली. त्यातही अडचण अशी की धनुष्याने शिकार करता येते यावरच लोकांचा विश्वास नव्हता. म्हणून तो स्वतः जंगलात जायचा, शिकारीचे चित्रपट काढायचा आणि गावोगावी लोकांना दाखवायचा. चित्रपट बघून माणूस घरी जाताना धनुष्याचा विचार करत जायचा. आज आपण ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतो ते हेच. १९६८ साली त्याने कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. आणि हो, धनुष्य हातात घेतल्यापासून पहिलं हरीण मिळेपर्यंत याच माणसाची कित्येक वर्षं गेली होती.

या आठवड्याचं काम: एका कागदावर तुमच्या टापूचा नकाशा काढा, हाताने, वेडावाकडा चालेल. त्यात किती घरं, किती दुकानं, किती ऑफिसं आहेत ती मोजा. त्यातल्या किती जणांना तुम्ही नावाने ओळखता तो आकडा खाली लिहा. शेजारी लिहा, पैसे गुंतवल्यापासून माल हातात पडेपर्यंत तुमचे किती दिवस जातात. हे दोन आकडे हाताशी ठेवून पुढचा, कॉस्टिंगचा व्हिडिओ बघा. तिथे आपण त्यांच्यावरूनच महिन्याचा स्टॉक काढणार आहोत.